पर्याय, संधी खर्च आणि ग्राहकाची मागणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मागणीवर बोलताना बहुतेक जण वस्तूच्या किमतीपासून सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात. ग्राहक मात्र किमतीबरोबर आणखी दोन गोष्टी पाहत असतो: हे घेतले तर काय सोडावे लागेल, आणि हे नाही घेतले तर त्याऐवजी काय घेता येईल. खालची उत्तरे या दोन प्रश्नांभोवती आहेत. उदाहरणांतल्या किमती नुसत्या आकड्यांत दिल्या आहेत. चलन कोणतेही धरा, हिशेब तोच राहतो.

संधी खर्च म्हणजे नेमके काय?

एक गोष्ट निवडल्यामुळे जी सर्वांत चांगली दुसरी गोष्ट हातची गेली, तिचे मोल म्हणजे संधी खर्च. यातला ‘सर्वांत चांगली’ हा भाग महत्त्वाचा आहे. सोडलेल्या सगळ्या पर्यायांची बेरीज करण्याची चूक फार वेळा होते. ते सगळे पर्याय एकाच वेळी मिळणार नव्हतेच, मग त्यांची बेरीज कशी करणार?

समजा संध्याकाळचे तीन तास मोकळे आहेत. भाषेच्या वर्गाला जाण्याचे मोल तुमच्या लेखी ३००, शिकवणी घेण्याचे २५० आणि घरी विश्रांती घेण्याचे २००. वर्गाला गेलात तर संधी खर्च २५०; ४५० नव्हे. शिकवणी घेतलीत तर संधी खर्च ३००, म्हणजे मिळालेल्या २५० पेक्षा जास्त, आणि म्हणूनच ती निवड तोट्याची. सोडलेल्या पर्यायासाठी स्वतःचा काही खर्च करावा लागणार असेल तर तो आधी वजा करायचा. वर्गाची फी ८० असेल तर वर्गाचे निव्वळ मोल २२० उरते आणि सगळा क्रम बदलतो.

ही कल्पना स्पष्टपणे मांडण्याचे श्रेय ऑस्ट्रियन अर्थशास्त्रज्ञ फ्रीडरिश फॉन वीझर यांना दिले जाते. त्याआधी १८५० मध्ये फ्रान्सच्या फ्रेदेरिक बास्तिया यांनी डोळ्यांना दिसणारे परिणाम आणि न दिसणारे परिणाम यांचा जो भेद केला होता, त्याच्या मुळाशी हाच विचार आहे.

किंमत म्हणजेच संधी खर्च नव्हे का?

नाही. किंमत पैशात सांगितलेली असते. संधी खर्च त्या पैशातून दुसरे काय आले असते, यात असतो. वही ६० ला आणि पेन २० ला मिळत असेल, तर एका वहीचा संधी खर्च ३ पेन. आता पेन ३० ला झाले. वहीवरची किंमत जशीच्या तशी आहे, पण तिचा संधी खर्च ३ पेनांवरून २ पेनांवर आला. वही, तिच्या किमतीला कुणी हातही न लावता, पेनाच्या तुलनेत स्वस्त झाली.

एखाद्या वस्तूचा खप तिची किंमत न बदलता का हलला, याचे उत्तर पुष्कळदा इथे सापडते. विक्रेता आपल्याच किमतीकडे पाहत बसतो; बदल शेजारच्या फळीवरच्या वस्तूत झालेला असतो. उलट, सगळ्या किमती दुप्पट झाल्या आणि उत्पन्नही दुप्पट झाले, तर ग्राहकाच्या निवडीत फरक पडायचे कारण नाही. एका वहीच्या बदल्यात आधी जेवढे पेन सोडावे लागत होते, तेवढेच आताही सोडावे लागतात.

चांगल्या आणि साध्या अशा दोन्ही प्रतींवर सारखाच जादा खर्च बसला तर मागणी कुठे वळते?

चांगल्या प्रतीकडे. हे पहिल्यांदा ऐकताना उलटे वाटते, म्हणून आकडे मांडून पाहू. चांगली प्रत ३० ला, साधी २० ला. म्हणजे एक चांगला नग घेण्यासाठी दीड साधा नग सोडावा लागतो. दोन्हींवर प्रत्येकी १० वाहतूक खर्च बसला की किमती ४० आणि ३० होतात. आता एका चांगल्या नगासाठी सुमारे १.३३ साधे नगच सोडावे लागतात. दोन्ही वस्तू महाग झाल्या, पण एकमेकींच्या तुलनेत चांगली प्रत स्वस्त झाली.

आर्मेन अल्चियन आणि विल्यम ॲलन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये हे दाखवून दिले. दूरच्या बाजारात उत्तम प्रतीचा मालच जास्त का जातो, याचे हे एक कारण आहे. अट एवढीच की जादा खर्च नगामागे ठरावीक हवा. किमतीच्या टक्केवारीत असेल, उदाहरणार्थ दोन्हींवर १० टक्के कर, तर गुणोत्तर दीडच राहते आणि हा परिणाम दिसत नाही.

फुकट मिळालेल्या वस्तूला संधी खर्च असतो का?

असतो, आणि तो काढताना भलेभले चुकतात. पॉल फेरारो आणि लॉरा टेलर यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अर्थशास्त्रज्ञांच्या संमेलनाला आलेल्यांनाच एक प्रश्न विचारला होता. तुम्हाला एरिक क्लॅप्टनच्या कार्यक्रमाचे तिकीट फुकट मिळाले आहे. ते विकता येत नाही. त्याच रात्री बॉब डिलनचा कार्यक्रम आहे, तिकीट ४० डॉलर. डिलनसाठी तुम्ही एरवी जास्तीत जास्त ५० डॉलर मोजायला तयार असता. क्लॅप्टनला जाण्याचा संधी खर्च किती? पर्याय होते ०, १०, ४० आणि ५०.

अपेक्षित उत्तर १०. डिलनला गेला असतात तर ५० चे समाधान मिळाले असते, पण ४० खिशातून गेले असते. हातचे गेले ते निव्वळ १०. बरोबर उत्तर देणारे फक्त २१.६ टक्के निघाले. चारांतून डोळे मिटून एक निवडला असता तरी सरासरी २५ टक्के बरोबर आले असते. पुढे काही अर्थशास्त्रज्ञांनी असाही आक्षेप घेतला की व्याख्या वेगळी धरली तर इतर उत्तरांचेही समर्थन करता येते. तो वाद व्याख्येपुरता आहे. प्रत्यक्ष निर्णय घेताना ‘सोडलेल्या पर्यायाचा फायदा वजा त्याचा खर्च’ ही रीत वापरली तर गोंधळ होत नाही, आणि आमच्या मते ग्राहकाच्या मागणीचा विचार करताना हीच वापरावी.

प्रश्नात तिकीट विकता येत नाही असे मुद्दाम म्हटले आहे. ते विकता येत असते तर त्याची विक्रीची किंमतही हातच्या गेलेल्या गोष्टींत आली असती.

आधीच भरलेले पैसे हिशेबात धरायचे का?

परत मिळणार नसतील तर नाही. वर्षाची वर्गणी भरून झाली आहे; आज व्यायामशाळेत जायचे की नाही, हे ठरवताना त्या रकमेला स्थान नाही, कारण गेलात काय, न गेलात काय, ती गेलेलीच आहे. मात्र वर्गणीचा उरलेला भाग परत मिळत असेल किंवा दुसऱ्याच्या नावावर करता येत असेल, तर तेवढी रक्कम आजही संधी खर्चात मोडते. जुनी वस्तू वापरत राहण्याचा खर्च शून्य नसतो, तो तिच्या आजच्या विक्रीमूल्याइतका असतो, हेही याच नियमाने येते.

दोन वस्तू एकमेकींना पर्याय आहेत हे कसे ओळखायचे?

दिसण्यावरून नाही, खपावरून. एकीची किंमत बदलल्यावर दुसरीच्या मागणीत किती टक्के फरक पडतो, याला छेदक लवचीकता म्हणतात. ‘ख’च्या मागणीतील टक्केवारी बदलाला ‘क’च्या किमतीतील टक्केवारी बदलाने भागायचे. उत्तर धन आले तर पर्यायी वस्तू, ऋण आले तर पूरक (म्हणजे एकमेकींबरोबर वापरल्या जाणाऱ्या), शून्याजवळ आले तर एकमेकींशी फारसा संबंध नाही.

‘क’ची किंमत २० वरून २२ झाली आणि ‘ख’चा खप ४०० वरून ४६० नगांवर गेला, असे धरू. सरळ हिशेबाने किंमत १० टक्के वाढली, खप १५ टक्के वाढला, लवचीकता १.५. पण उलट दिशेने, म्हणजे २२ वरून २० आणि ४६० वरून ४००, असे मोजले तर टक्केवाऱ्या ९.१ आणि १३ येतात आणि उत्तर बदलते. ही अडचण टाळण्यासाठी दोन्ही आकड्यांची सरासरी पाया म्हणून घ्यायची: २ भागिले २१ म्हणजे ९.५२ टक्के, ६० भागिले ४३० म्हणजे १३.९५ टक्के; लवचीकता सुमारे १.४७. कोणत्याही दिशेने मोजा, उत्तर तेच येते.

‘क’ हा ‘ख’ला पर्याय असेल तर ‘ख’ही ‘क’ला तितकाच पर्याय असतो ना?

नसतो, आणि इथे पुष्कळ जण फसतात. मोठ्या ब्रँडचा खप १०,००० नग, छोट्याचा ५००. मोठ्याने किंमत १० टक्के वाढवली, ५०० ग्राहक गेले, त्यांतले २०० छोट्याकडे वळले. छोट्याचा खप ४० टक्के वाढला, लवचीकता ४. आता छोट्याने किंमत १० टक्के वाढवली, १०० ग्राहक गेले, त्यांतले ८० मोठ्याकडे गेले. छोट्याच्या दृष्टीने गेलेल्या ग्राहकांपैकी ८० टक्के एकाच ठिकाणी गेले, पण मोठ्याचा खप वाढला अवघा ०.८ टक्के, लवचीकता ०.०८.

एकच आकडा पाहून ‘आमचा त्यांच्याशी काही संबंध नाही’ असे मोठ्या ब्रँडने म्हणणे आणि ‘आमचे सगळे त्यांच्यावर अवलंबून आहे’ असे छोट्याने म्हणणे, दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते. म्हणून लवचीकतेबरोबर आणखी एक आकडा ठेवावा: गेलेल्या ग्राहकांपैकी किती टक्के कुठे गेले. निर्णयासाठी तोच जास्त उपयोगी पडतो.

सारख्या दिसणाऱ्या वस्तू पर्याय का ठरत नाहीत?

कारण ग्राहक वस्तूतले गुण विकत घेतो. केल्विन लँकेस्टर यांनी १९६६ मध्ये मागणीचा सिद्धांत या बाजूने मांडला. सकाळी सहाची आणि सकाळी नऊची गाडी तीच, डबे तेच, मार्ग तोच. पण नवाला कामावर पोहोचायचे असेल त्याच्यासाठी दुसरी गाडी पर्याय नाही. उलट, प्रवास आणि व्हिडिओ कॉल यांचे रूप एकमेकांशी मुळीच जुळत नाही, तरी ‘समोरासमोर बोलणे’ हा गुण दोन्हींत असल्यामुळे कामाच्या बैठकीपुरते ते एकमेकांची जागा घेतात. लग्नाला जाण्यापुरते घेत नाहीत. म्हणजे एकाच ग्राहकाच्या बाबतीतही कामागणिक पर्याय बदलतात. यादी करायचीच तर वस्तूंची करण्याआधी ‘ही वस्तू कोणत्या कामासाठी घेतली जाते’ याची करावी.

किंमत वाढली की मागणी का घटते? ‘परवडत नाही’ एवढेच कारण आहे का?

दोन वेगळी कारणे एकत्र काम करतात. किंमत वाढल्यावर त्या वस्तूचा संधी खर्च वाढतो आणि ग्राहक पर्यायाकडे सरकतो. हा पर्यायता परिणाम. शिवाय त्याच उत्पन्नात आता एकूण कमी येते, म्हणजे तो थोडा गरीब झाल्यासारखा होतो. हा उत्पन्न परिणाम. रशियन गणिती अर्थशास्त्रज्ञ येवगेनी स्लुत्स्की यांनी १९१५ मध्ये या दोहोंची फोड केली. तिच्याकडे बराच काळ कुणाचे लक्ष गेले नाही. १९३४ मध्ये जॉन हिक्स आणि रॉय ॲलन यांनी स्वतंत्रपणे तशीच मांडणी केली.

फोड कशी करतात ते पाहा. उत्पन्न १,२००. एका वस्तूची किंमत ४०, महिन्याला १० नग घेतले जातात, म्हणजे ४०० त्यावर आणि ८०० बाकी सगळ्यावर. किंमत ५० झाली. जुनीच खरेदी करायची तर आता १,३०० लागतील. ग्राहकाच्या हातात कल्पनेने जादा १०० ठेवा. आता तो जुनी खरेदी जशीच्या तशी करू शकतो, तरी तो ८ नगच घेतो, कारण प्रत्येक नगामागे आता बाकीच्या वस्तूंतले जास्त सोडावे लागते. ही २ नगांची घट म्हणजे पर्यायता परिणाम. मग ते १०० काढून घ्या. तो ७ नगांवर येतो. हा १ नग उत्पन्न परिणाम. एकूण घट ३.

हा भेद केवळ परीक्षेपुरता नाही. किंमतवाढीचा त्रास कमी करण्यासाठी लोकांना रोख भरपाई दिली तर फक्त दुसरा परिणाम पुसला जातो, पहिला राहतोच. म्हणून एखाद्या वस्तूवर कर लावून तेवढीच रक्कम लोकांना परत दिली, तरी तिचा वापर घटू शकतो. ‘पैसे परत दिले, मग कराचा उपयोग काय’ हा आक्षेप पर्यायता परिणाम विसरल्यामुळे येतो.

पर्यायता परिणाम किमतीच्या विरुद्ध दिशेनेच जातो. उत्पन्न परिणामाची दिशा मात्र वस्तूवर अवलंबून असते. हलक्या प्रतीच्या वस्तूंच्या बाबतीत माणूस गरीब झाला की खप वाढतो, आणि मग दोन परिणाम एकमेकांविरुद्ध ओढतात.

म्हणजे किंमत वाढल्यावर मागणी वाढू शकते?

फार क्वचित. अशा वस्तूंना ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ रॉबर्ट गिफेन यांच्या नावावरून गिफेन वस्तू म्हणतात. बराच काळ ही शक्यता कागदावरच होती. रॉबर्ट जेन्सन आणि नोलन मिलर यांनी चीनच्या हुनान प्रांतातल्या गरीब कुटुंबांना तांदळावर सवलत देऊन पाहिली. अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. तांदूळ स्वस्त झाल्यावर या कुटुंबांनी तो कमी खाल्ला. पोट भरण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आणखी स्वस्त झाला, थोडे पैसे सुटले, ते चवीच्या आणि महाग पदार्थांकडे गेले.

जे कुटुंब अगदीच कंगाल होते, जवळपास फक्त तांदळावरच जगत होते, तिथे हा परिणाम दिसला नाही. म्हणजे अटी अरुंद आहेत: वस्तू खर्चाचा मोठा भाग हवी, हलक्या प्रतीची हवी, आणि तिच्याहून स्वस्त पर्याय नको. प्रतिष्ठेसाठी घेतल्या जाणाऱ्या महाग वस्तूंची गोष्ट वेगळी आहे. तिथे किंमत हाच एक गुण बनतो. दोन्हींची सरमिसळ करू नये.

कोणत्या वस्तूची मागणी किमतीला जास्त लवचीक असते?

लवचीक म्हणजे किंमत थोडी हलली तरी जिचा खप बराच हलतो अशी. जिला जवळचे पर्याय जास्त, तिची मागणी जास्त लवचीक. त्यामुळे वस्तूची व्याख्या किती अरुंद धरली यावर उत्तर फिरते. ‘पादत्राणे’ म्हटले तर पर्याय जवळपास नाहीत, मागणी अलवचीक. ‘धावण्याचे बूट’ म्हटले तर थोडी लवचीक. ‘अमुक ब्रँडचे अमुक मॉडेल’ म्हटले तर बरीच. एखाद्या संपूर्ण वस्तुगटाची लवचीकता घेऊन एका ब्रँडची किंमत ठरवणे ही महागात पडणारी चूक आहे.

विक्रेत्यासाठी परिणाम असा. किंमत १० टक्के वाढवली आणि खप ४ टक्के घटला, तर १.१ गुणिले ०.९६, म्हणजे जमा ५.६ टक्के वाढते. खप १५ टक्के घटला तर १.१ गुणिले ०.८५, जमा ६.५ टक्के घटते.

खर्चातला वाटाही मोजला जातो. महिन्याच्या खर्चात ज्या वस्तूचा वाटा नगण्य, तिच्यासाठी पर्याय शोधायला लागणारा वेळच वाचणाऱ्या पैशापेक्षा महाग पडतो.

आणि वेळ. १९७३ च्या तेलसंकटात कच्च्या तेलाचा भाव पिंपामागे सुमारे ३ डॉलरवरून काही महिन्यांत १२ डॉलरच्या आसपास गेला. पहिल्या आठवड्यांत गाडीवाल्याला फेऱ्या कमी करण्यापलीकडे फार काही करता येत नव्हते. दारातली गाडी तीच होती, घर आणि कामाचे ठिकाण यांतले अंतर तेच होते. पुढच्या वर्षांत लहान इंजिनाच्या गाड्या आल्या, तेलावर चालणारी वीजकेंद्रे दुसऱ्या इंधनाकडे वळली. अमेरिकेत १९७५ च्या कायद्याने गाड्यांच्या इंधनक्षमतेचे निकषही आले, त्यामुळे सगळे श्रेय एकट्या किमतीला देता येत नाही. पण पहिल्या महिन्याचा आकडा पाहून ‘लोक किमतीला दाद देत नाहीत’ असा निष्कर्ष काढणे घाईचे असते. काही पर्याय उभे राहायलाच वर्षे लागतात.

वेळेचा खर्च मागणीत कसा धरायचा?

गॅरी बेकर यांनी १९६५ मध्ये मांडलेली रीत आजही सर्वांत सोयीची आहे: पूर्ण किंमत म्हणजे पैशातली किंमत अधिक लागणाऱ्या वेळेचे मोल. संथ गाडीचे भाडे ३० आणि वेळ ९० मिनिटे. जलद गाडीचे ८० आणि ३० मिनिटे. जादा ५० देऊन एक तास वाचतो. तासाचे मोल ४० धरणाऱ्याला संथ गाडी ९० ला पडते आणि जलद १००. तो संथ घेतो. तासाचे मोल ७० धरणाऱ्याला संथ १३५ ला आणि जलद ११५ ला. तो जलद घेतो. तिकिटावरच्या किमती दोघांना सारख्याच आहेत.

यावरून कळते की ‘स्वस्त’ आणि ‘गरिबांना उपयोगी’ हे नेहमी एक नसते. स्वस्त वस्तूसाठी रांग लागत असेल, तर फायदा त्याला होतो ज्याचा वेळ स्वस्त आहे. दोन नोकऱ्या करणाऱ्या गरीब माणसाचा वेळ महाग असू शकतो.

सगळीकडे वेळेचे मोल पगाराच्या दराने धरणे ही नेहमीची चूक. ज्याला जादा तास काम करून जादा पैसे मिळणारच नाहीत, त्याचा सोडलेला पर्याय पगार नाही. झोप, घरकाम किंवा मुलांबरोबरचा वेळ आहे. त्याचे मोल पगाराहून कमी असेल किंवा जास्तही. शिवाय बसून पुस्तक वाचता येईल असा तास आणि उन्हात उभे राहण्याचा तास सारखे नाहीत.

खरेदी करताना संधी खर्च डोक्यात का येत नाही?

किंमत समोर लिहिलेली असते, सोडलेली वस्तू समोर नसते. शेन फ्रेडरिक आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना १४.९९ डॉलरचा व्हिडिओ घेणार का, असे विचारले. एका गटाला ‘घेणार’ किंवा ‘नाही घेणार’ असे पर्याय दिले. ७५ टक्के ‘घेणार’ म्हणाले. दुसऱ्या गटासाठी फक्त दुसऱ्या पर्यायाचे शब्द बदलले: ‘नाही घेणार, १४.९९ डॉलर दुसऱ्या खरेदीसाठी ठेवणार’. घेणारे ५५ टक्क्यांवर आले. माहिती नवी काहीच नव्हती. पैसे दुसरीकडे वापरता येतात हे कुणाला ठाऊक नसते?

याचा व्यवहारातला उपयोग सरळ आहे. मोठी खरेदी ठरवण्याआधी तेवढ्याच पैशांत तुम्ही खरोखर काय घेतले असते, त्या एका गोष्टीचे नाव कागदावर लिहा. ‘बचत केली असती’ हे फार धूसर. कोणत्या गोष्टीसाठी बचत, ते लिहा. दरमहा कापल्या जाणाऱ्या वर्गण्यांसाठी वर्षाची रक्कम मांडा, कारण महिन्याच्या लहान रकमेसमोर ठेवण्याजोगा पर्याय चटकन सुचत नाही. महिना १५० म्हणजे वर्षाला १,८००. या रकमेला पर्याय सुचतो.

बाजारात खरी स्पर्धा आहे का, हे पर्यायांवरून कसे तपासतात?

स्पर्धा नियामक एक विचारप्रयोग करतात. अमेरिकेच्या न्याय विभागाने तो १९८२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आणला. सर्वांत अरुंद वस्तुगट घ्या. तो सगळा एकाच विक्रेत्याकडे आहे असे समजा. त्याने किंमत सुमारे ५ टक्के वाढवली आणि ती वर्षभर टिकवली, तर नफा वाढेल का? ग्राहक दुसरीकडे जाऊन नफा घटत असेल, तर गट फार अरुंद धरला आहे. जवळचा पुढचा पर्याय त्यात घाला आणि पुन्हा विचारा. वाढ फायद्याची ठरेल तिथे थांबा. तो ‘बाजार’.

किती ग्राहक गेले तर वाढ तोट्याची ठरते, हे काढता येते: वाढीचा टक्का भागिले (वाढीचा टक्का अधिक नफ्याचा टक्का). किंमत १००, नगामागचा बदलता खर्च ५५, म्हणजे नफा ४५ टक्के. ५ भागिले ५०, उत्तर १० टक्के. पडताळा: १,००० नगांवर नफा ४५,०००, १०५ किमतीला ९०० नग विकले तर ५० गुणिले ९००, तेही ४५,०००. याहून जास्त ग्राहक गेले की वाढ अंगलट येते. नफ्याचा टक्का जितका मोठा, तितके थोडे ग्राहक गेले तरी चालत नाही.

पर्यायांवरून बाजार ठरवण्यातला सर्वांत मोठा सापळा त्याआधीच, १९५६ च्या ड्यू पाँट कंपनीच्या खटल्यात दिसला. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सेलोफेनपैकी (वेष्टनासाठीचा पातळ पारदर्शक कागद) जवळपास ७५ टक्के ही कंपनी बनवत होती. पण मेणकागद, फॉइल वगैरे सगळे गुंडाळता येणारे वेष्टनसाहित्य एकत्र धरले तर सेलोफेनचा वाटा २० टक्क्यांहून कमी. किंमत थोडी हलली तरी ग्राहक दुसऱ्या वेष्टनाकडे वळतात, म्हणून हे सगळे पर्याय आहेत, असे मानून सर्वोच्च न्यायालयाने मक्तेदारी नाही असा निकाल दिला.

अर्थशास्त्रज्ञांचा आक्षेप असा. मक्तेदार किंमत वाढवत वाढवत तिथेच थांबतो जिथे आणखी वाढवली तर ग्राहक निघून जातील. समजा बनवण्याचा खर्च १०, स्पर्धेत किंमत ११ राहिली असती आणि मक्तेदाराने ती १८ ला नेली आहे. १८ वर ५ टक्के वाढवून पाहिले तर ग्राहक पळताना दिसणारच. त्यावरून एवढेच कळते की १८ ही कमाल आहे. ११ ला असताना तेच कागद आणि फॉइल पर्याय ठरले असते का, हा खरा प्रश्न, आणि तो विचारलाच गेला नाही. पर्याय आहे की नाही हे वस्तूवर ठरत नाही. किंमत आज कुठे आहे, यावर ठरते. पुरेशी महाग केली तर कोणत्याही वस्तूला काहीतरी पर्याय निघतोच.

पूरक वस्तूंमुळे पर्याय कसे कमी होतात?

प्रिंटर घेण्याआधी दहा प्रिंटर एकमेकांना पर्याय असतात. घेतल्यावर त्याला बसणारी कार्ट्रिजच चालते. म्हणून यंत्र स्वस्त आणि शाई महाग, अशी किंमत लावणे विक्रेत्याला परवडते. तुलना खरेदीआधीच आणि एकूण खर्चाची करावी: यंत्र ४,०००, दर ५०० पानांना ६०० ची कार्ट्रिज, तीन वर्षांत ६,००० पाने, शाईचे ७,२००, एकूण ११,२००. ७,००० चे यंत्र, ज्याला तेवढ्याच पानांना ३,००० ची शाई लागते, ते १०,००० मध्ये पडते.

आपल्या वस्तूचे खरे पर्याय कोणते, हे विक्रेत्याने घरच्या घरी कसे शोधावे?

सर्वांत स्वस्त पुरावा माल संपतो तेव्हा मिळतो. एरवी तुमची वस्तू नेमाने घेणारे २०० ग्राहक त्या दिवशी आले, ती नव्हती. ९० जणांनी ‘ख’ घेतली, ४० जणांनी ‘ग’, ७० रिकाम्या हाताने गेले. म्हणजे ४५ टक्के, २० टक्के आणि ३५ टक्के. हे आकडे ग्राहकांना विचारून मिळणाऱ्या उत्तरांपेक्षा जास्त विश्वासाचे, कारण ते बोलण्यावरून नव्हे, प्रत्यक्ष खरेदीवरून आलेले असतात. एक सावधगिरी: माल संपल्यावर सगळ्याच ग्राहकांना हलावे लागते, किंमत वाढल्यावर काठावरचेच हलतात. काठावरच्यांचे पर्याय वेगळे असू शकतात.

किंमत बदलून पाहायची असेल तर एका वेळी एकाच वस्तूची बदला आणि निदान चार ते सहा आठवडे ठेवा. पहिल्या आठवड्यात जुना साठा असलेले ग्राहक गप्प असतात, सवलत असेल तर लोक पुढच्या महिन्याचे आजच भरून ठेवतात. दोन्हींमुळे लवचीकता चुकीची दिसते. त्याच काळात जाहिरात, सण किंवा शेजारच्या वस्तूचा तुटवडा असेल तर तो काळ हिशेबातून वगळा.

जुन्या नोंदींवरून थेट निष्कर्ष काढताना आणखी जपावे. मागणी वाढली म्हणून किंमत वाढवली असेल, तर कागदावर ‘किंमत वाढली, खपही वाढला’ असे दिसते. यातून वाट काढायला किंमत हलवणारे असे कारण लागते ज्याचा ग्राहकाच्या आवडीशी संबंध नाही. फिलिप राइट यांनी १९२८ मध्ये जवसासारख्या पिकांसाठी एकरी उतारा वापरून हेच केले: उतारा घटला की पुरवठा आणि म्हणून किंमत हलते, पण घेणाऱ्याची गरज त्यामुळे बदलत नाही. तुमच्या बाबतीत ते कारण कच्च्या मालाचा भाव किंवा वाहतुकीचा दर असू शकतो. तारखेसह त्याची नोंद आजपासून ठेवा. वर्षभराने तीच उपयोगी पडते.